नाकाचं हाड वाढत नाही ओ! काचेआडून दिसलेलं नाक

काचेआडून :

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका सेंटरवर गेली १९ वर्षं मी सीटी स्कॅनचं मशीन चालवतोय. टेक्निशियन आहे, डॉक्टर नव्हे. माणसाला टेबलावर झोपवायचं, "हलायचं नाही, गिळायचं नाही" एवढं सांगायचं आणि शिशाच्या काचेआड जाऊन बटण दाबायचं, हे माझं काम. रिपोर्ट लिहिणारे वेगळे. पण रोज दोन-चार नाकं आडवी-उभी कापून बघितल्यावर माणसाची मतं बनतातच. तीच इथं मांडतोय. चुकलं तर इथले डॉक्टर कान पकडतील, नाक कापलं नाही म्हणजे मिळवलं.

आमच्याकडं नाक चोंदलं की दोन वाक्यं ठरलेली. एक, "हाड वाढलंय." दोन, "मला सायनस हाय." परवा एक काका फिल्म उजेडाला धरून विचारत होते, "किती इंच वाढलंय म्हनायचं?"

हाड वाढत नाही, काका. नाकाच्या मधोमध जो पडदा असतो तो वाकलेला असतो. पडदा मुख्यतः तीन तुकड्यांचा. पुढचा, बोटानं हलणारा भाग कूर्चेचा. मागं वरून एक पातळ उभा पत्रा उतरतो आणि खालून एक हाड वर येतं, त्याचं नाव व्होमर. लॅटिनमध्ये व्होमर म्हणजे नांगराचा फाळ, आणि दिसतंही तसंच. हे तुकडे वाढीच्या वयात एकमेकांना रेटतात, लहानपणी कधी उंबऱ्यावर आपटलेलं असतं, आणि पडदा इकडं नाहीतर तिकडं झुकतो. ओळंबा लावून बांधल्यासारखा पडदा मी १९ वर्षांत फार थोड्या माणसांचा बघितलाय. त्यामुळं रिपोर्टात 'डीएनएस' (म्हणजे वाकलेला पडदा) वाचून झोप उडवून घेऊ नका.

दुसरी फसगत टॉर्चची. मोबाईलचा टॉर्च नाकात मारून आरशात बघायचं आणि "आत मांस वाढलंय" म्हणून घाबरायचं. ते गुलाबी मांस देवानंच दिलेलं असतं. प्रत्येक नाकपुडीच्या बाहेरच्या भिंतीला सहसा तीन शंखिका असतात, शिंपल्यासारख्या वळलेल्या. सगळ्यात खालची सगळ्यात मोठी, टॉर्चमध्ये दिसते ती हीच. ती स्वतंत्र हाड आहे; वरच्या दोन्ही झर्झरास्थीच्या, म्हणजे नाकाच्या छताकडच्या हाडाच्या, फांद्या. त्यांच्यावर रक्तानं फुगणारी-ओसरणारी गादी असते. बाहेरची हवा पन्हाळ्यावरच्या जानेवारीतल्या पहाटेची असो नाहीतर मे महिन्यातल्या दुपारची, घशापर्यंत पोचेस्तोवर ती शरीराच्या तापमानाच्या जवळ आणि ओलसर झालेली असते, ते या गाद्यांमुळं.

आता सायनस. सायनस हा रोग नाही, जागा आहे. प्रत्येकाला असते. "मला सायनस आहे" म्हणजे "मला गुडघा आहे" म्हटल्यासारखं. हाडांत हवेच्या पोकळ्या असतात, चार जोड्या: गालाच्या हाडात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे मधाच्या पोळ्यासारख्या बारीक खोल्या, आणि सगळ्यात मागं, कवटीच्या जवळजवळ मध्यात, जतूकास्थीतली. सीटीत हवा काळी दिसते, हाड पांढरं, मऊ भाग राखाडी. म्हणजे सायनस काळाशार दिसला की आम्ही खूश.

कपाळातले सायनस तर मला फार आवडतात. दोन माणसांचे सारखे नसतात, एकाच माणसाचे डावे-उजवेही सारखे नसतात, काहींना नसतातच. ओळख पटवायच्या कामात जुन्या एक्स-रेशी ते ताडून बघतात, अंगठ्याच्या ठशासारखे.

गालातला सगळ्यात मोठा, मोठ्या माणसात साधारण १५ मिली. आणि त्याची बांधणी बघून गवंड्याला हाकलून द्यावंसं वाटतं. टाकीचं भोक तळाला पाहिजे की नको? इथं ते भिंतीत वर, जवळजवळ छताशी आहे. मग आतला चिकट स्राव बाहेर कसा पडतो? आतल्या अस्तरावर सूक्ष्म केसांची लव असते, ती सेकंदाला दहा-पंधरा वेळा वल्हं मारते आणि स्राव चढणीवर ढकलत त्याच भोकाकडं नेते. खाली दुसरं भोक पाडून दिलं तरी लव जुन्याच वाटेनं जाते! पूर्वी अशी खालून खिडकी पाडायचे. ऑस्ट्रियात ग्राझच्या मेसरक्लिंगर यांनी ही लवेची वाट दुर्बिणीतून अभ्यासली आणि मूळचीच वाट मोकळी करायची शस्त्रक्रिया पुढं आली, तिलाच आज एफईएसएस म्हणतात.

गाल, कपाळ आणि पुढच्या बारीक खोल्या, तिघांचंही पाणी मधल्या शंखिकेखालच्या एकाच बोळात येतं. बिंदू चौकात एक टेम्पो आडवा लागला की काय होतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. सर्दीत तेच होतं.

---

तांबडा_पांढरा :

नाद खुळा लिहिलंय भावा. पण मला सांग, तांबडा रस्सा वाटीनं प्यायला लागलो की माझं नाक पंचगंगेसारखं वाहतं. हा कुठला सायनस?

---

कानाकोपरा :

मी कान-नाक-घसा वाला. लेख चांगला आहे, दोन दुरुस्त्या.

'हाड वाढलंय' हा शब्द अगदीच हवेतून आलेला नाही. पडदा जिथं व्होमरला जुळतो तिथं कधी कधी काट्यासारखा टोकदार उंचवटा तयार होतो आणि समोरच्या शंखिकेत घुसतो. आम्हीच पूर्वी पेशंटला "हाड आलंय" सांगायचो. तसंच मधल्या शंखिकेच्या हाडात कधी हवेची पोकळी असते आणि ती फुगीर होते, रिपोर्टात 'कॉन्का बुलोसा' लिहितात. दोन्हींपैकी काहीही नुसतं दिसलं म्हणून कापायचं नसतं.

आणि टॉर्चवाल्यांसाठी: खरा पॉलिप फिकट, पाणीदार, सोललेल्या द्राक्षासारखा असतो आणि त्याला स्पर्श फारसा कळत नाही. शंखिकेला कापसाची वात लावली की माणूस खुर्चीतून उठतो.

तांबड्या रश्शाचं उत्तर: सायनसचा काही संबंध नाही. तिखट ही चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णतेची-वेदनेची खबर देणाऱ्या टोकांना चेतवतं. ही खबर ट्रायजेमिनल नावाची चेहऱ्याची मोठी नस मेंदूला नेते, आणि उलट हुकूम येतो की आग लागली, पाणी सोडा. नाकातल्या ग्रंथी पाणी सोडतात, डोळेही सोडतात. डोळ्यांचं पाणी पुन्हा नाकातच येतं, कारण अश्रूंची नळी खालच्या शंखिकेखाली उघडते. रडताना नाक शिंकरावं लागतं ते त्यामुळंच.

---

तांबडा_पांढरा :

म्हणजे सर्दीत मटणाला चव लागत नाही पण तिखट लागतं, ते यामुळं? मी बायकोवर उगाच चिडलो होतो.

---

कानाकोपरा :

अगदी यामुळं. मसाल्याचा वास घशाच्या मागून वर चढून नाकाच्या छतापाशी पोचतो आणि आपण त्यालाच चव म्हणतो. सर्दीत तो जिना बंद. जिभेला खारट-आंबट कळतं, नसेला तिखट कळतं, बाकी सगळा रस्सा गायब. माफी मागा.

---

अनुस्वार :

नाक चोंदल्यावर माणूस 'नाकात बोलतो' असं आपण म्हणतो, ते उलटं आहे. तेव्हा नाकातून बोलणं बंद झालेलं असतं. ङ, ञ, ण, न, म म्हणताना टाळूचा मागचा मऊ पडदा खाली उतरतो आणि हवा नाकातून जाते. वाट बंद असली की म चा ब होतो आणि न चा द. "मामा, नको" म्हणून बघा नाक दाबून, "बाबा, दको" होईल. कोकणीत आणि जुन्या मराठीत जे खरे नाकातले स्वर आहेत त्यांना तर मोकळं नाक लागतंच.

---

लाल_माती :

मी गंगावेशीकडचा. तालमीत असताना धाक हा डाव मारताना समोरच्याचं डोकं नाकावर बसलं. रक्त आलं, थांबलं. वस्तादांनी पाणी मारलं, दुसऱ्या दिवशी परत आखाड्यात. तिसऱ्या दिवशी नाक दोन्हीकडनं गच्च, आत हात लावला तर मऊ गादी. चार दिवसांनी दाखवलं. तोवर उशीर झाला होता. आता माझं नाक मधे खोगीरासारखं बसलंय, श्वास घेताना आवाज येतो. त्या वेळी कुणी सांगितलंच नाही की हे लगेच दाखवायचं असतं. कान फुटलेले पैलवान सगळ्यांना ठाऊक, नाक बसलेले कुणी मोजत नाही.

---

कानाकोपरा :

@लाल_माती, वाईट वाटलं. हे सगळ्या तालमींत भिंतीवर लिहून लावण्यासारखं आहे. पडद्याच्या कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या अस्तरातून पोषण झिरपतं. मार लागून अस्तर आणि कूर्चा यांच्यामधे रक्त साठलं की कूर्चा उपाशी पडते, आणि त्यात पू झाला तर दोन-चार दिवसांत विरघळते. म्हणून नाकाला मार लागल्यावर दोन्ही नाकपुड्या गच्च झाल्या, पडदा दोन्हीकडून फुगलेला, लालसर-निळसर, मऊ लागला, तर त्याच दिवशी दवाखाना. चीर देऊन रक्त काढायचं असतं, दहा मिनिटांचं काम आहे. लहान मुलं घसरगुंडीवरून पडतात तेव्हाही हेच बघायचं. एक्स-रेत हे दिसत नाही, "हाड मोडलं नाही" ऐकून घरी जाऊ नका.

रक्त येतं ते बहुतेक वेळा पडद्याच्या पुढच्या भागातून, तिथं चार-पाच रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. डोकं मागं टाकू नका, कांदा हुंगू नका. पुढं वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं घट्ट धरा. हाडाचा नव्हे, मऊ भाग.

---

नाकात_थेंब :

नाक मोकळं करायचे थेंब चार वर्षं घालतोय. खिशात बाटली नसेल तर बस चुकली तरी चालेल पण मेडिकल गाठतो. हे पण लिहा कुणीतरी.

---

काचेआडून :

@नाकात_थेंब, तुमच्यासारखे आठवड्याला एक तरी भेटतात. स्कॅनमध्ये सायनस काळेशार, खालच्या शंखिका मात्र फुगून पडद्याला टेकलेल्या. थेंबांनी गादीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, उतार पडला की दुप्पट फुगतात. पाच-सात दिवसांच्या वर ते घालायचेच नसतात असं आमचे डॉक्टर सगळ्यांना सांगतात. सोडवायचं कसं ते कानाकोपरा सांगतील, माझा प्रांत नव्हे.

---

पाऊसपाणी :

धागा वाचता वाचता एक गोष्ट खटकली म्हणून लिहितेय. माझ्या आईला (वय ५२) दोन वर्षांपासून नाकातून पाणी येतं. फक्त उजव्या बाजूनं. एका ठिकाणी ॲलर्जी म्हणून गोळ्या दिल्या, दुसऱ्या ठिकाणी धूळ टाळा म्हणाले. आम्ही उसाच्या पट्ट्यात राहतो, हंगामात पाचट जाळतात, काजळी अंगणात पडते, त्यामुळं आम्हालाही ॲलर्जीच वाटली. पण पावसाळ्यातही येतंय. झाडू मारायला वाकली की टपटप पडतं. तिला शिंका नाहीत, खाज नाही. पाणी खारट लागतं म्हणते.

---

कानाकोपरा :

@पाऊसपाणी, रुमालावर पडलेलं पाणी वाळल्यावर रुमाल कडक होतो का?

---

पाऊसपाणी :

नाही. पाण्यासारखंच वाळतं. का हो?

---

कानाकोपरा :

शेंबडात चिकट प्रथिनं असतात, वाळला की कापड कांजी केल्यासारखं ताठ होतं. एकाच बाजूनं, वाकल्यावर, खारट, आणि रुमाल मऊ... हे मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. इथं बसून निदान करत नाही, पण ॲलर्जीच्या गोळ्यांवर आणखी एक महिना घालवू नका. एका स्वच्छ बाटलीत ते पाणी जमा करायचं आणि बीटा-२ ट्रान्सफेरिनची तपासणी करायची. हे प्रथिन मेंदूभोवतीच्या पाण्यात असतं, शेंबडात किंवा अश्रूंत मिळत नाही. ती पॉझिटिव्ह आली की मग बारीक कापांचा सीटी आणि एमआरआय. तोवर जोरात शिंकरणं नको, हंडा उचलणं नको. ताप, जोराची डोकेदुखी, मान ताठ, उजेड सहन न होणं यातलं काहीही झालं तर रात्र असो की पहाट, सरळ कॅज्युअल्टी. वाट जर आतून बाहेर उघडी असेल तर ती बाहेरून आतही उघडीच असते.

काचेआडून, नाकाच्या छताबद्दल तुम्ही लिहा. तुम्हाला ते आमच्यापेक्षा जास्त वेळा दिसतं.

---

काचेआडून :

लिहितो. पाऊसपाणी, घाबरवण्यासाठी नाही, समजावं म्हणून.

पूर्वी नाकाच्या स्कॅनसाठी माणसाला पालथं झोपवून मान मागं ताणायला लावायचो. म्हाताऱ्यांचे हाल व्हायचे. आता सरळ झोपवलं तरी कॉम्प्युटर हवे तसे काप पाडून देतो. समोरून पाठीमागं असे काप उलगडत गेलं की नाकाचं छत दिसतं, आणि त्या छतावर मेंदू बसलेला असतो. मधे काही नाही. नाकाचं छत म्हणजेच मेंदूची जमीन.

या छताच्या मधोमध एक पट्टी आहे, चाळणीसारखी भोकं असलेली. वासाच्या नसांचे धागे त्या भोकांतून खाली नाकात उतरतात. झर्झरास्थीचं इंग्रजी नाव ज्या ग्रीक शब्दावरून आलं त्याचाही अर्थ चाळणीच. प्राचीन इजिप्तमध्ये ममी करताना मेंदू याच वाटेनं, नाकातून आकडा घालून काढायचे. म्हणजे ही जागा नाजूक आहे हे त्यांना आपल्याआधी ठाऊक होतं.

चाळणी सगळ्यांची एका पातळीवर नसते. कुणाची उथळ, कुणाची खोल खड्ड्यात. १९६२ साली केरोस यांनी तिचे तीन प्रकार पाडले: खड्डा १ ते ३ मिलिमीटर, ४ ते ७, आणि ८ ते १६. खड्डा जितका खोल तितकी त्याची बाजूची भिंत उंच, आणि ती भिंत कवटीतल्या सगळ्यात पातळ हाडांपैकी. काही ठिकाणी मिलिमीटरचा विसावा भाग. पापडसुद्धा तिच्यापुढं जाड. ऑपरेशनच्या आधी सर्जन फिल्मवर हा खड्डाच आधी बघतात, आणि दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते. माझ्याकडून काप नीट आले नाहीत तर त्यांना ते कळायचं नाही, म्हणून मी "हलू नका" जरा चिडून म्हणतो. माफ करा.

बाजूची भिंतही काही कमी नाही. बारीक खोल्या आणि डोळा यांच्यामधे जे हाड आहे त्याचं लॅटिन नावच 'कागदी पत्रा' असं आहे. लहान मुलांत सर्दीनंतर एका डोळ्याची पापणी सुजून लाल झाली तर ती 'डोळे आले' म्हणून सोडून देऊ नये, त्याचं कारण हा कागद.

आणि सगळ्यात मागची खोली, जतूकास्थीतली. नाकपुडीच्या तोंडापासून साधारण ७ सेंटीमीटर आत. तिच्या छतावर हाडाचं एक खोगीर आहे, नावच 'तुर्की खोगीर', आणि त्यात पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथी बसलेली. खोलीच्या दोन्ही भिंतींत बाहेरच्या अंगानं मेंदूकडं जाणारी मोठी धमनी आणि वरच्या कोपऱ्यात डोळ्याची नस. भिंतीवर त्यांचे फुगवटे दिसतात, वायरिंग बाहेरून ओढलेल्या घरासारखे. काही माणसांत तर त्यांच्यावर हाडाचा थरच नसतो. मी फक्त फिल्मवर बघतो तरी दचकतो, तिथं हत्यार घेऊन जाणाऱ्यांचं काय होत असेल.

---

चपलेचं_माप :

खोगीर वाचून राहवलं नाही. माझे मामा. दरवर्षी चप्पल एकाच माणसाकडून शिवून घेतात, तो कागदावर पायाचा ठसा काढून ठेवतो. एका वर्षी म्हणाला, "पाव्हणं, पाय वाढलाय तुमचा." मामा पंचेचाळीसचे! हसले सगळे. पुढच्या वर्षी परत माप वाढलं, अंगठी बोटात अडकली, जबडा पुढं आला. मग कुणीतरी डॉक्टरकडं ढकललं. पियुषिकेला गाठ, वाढीचं संप्रेरक जास्त सुटत होतं. ऑपरेशन पुण्याला झालं, नाकातून. बाहेरून एक टाका नाही. आम्ही सगळे डोकं उघडणार म्हणून रडून मोकळे झालो होतो आणि मामा पाचव्या दिवशी नाकात पट्टी घेऊन चहा पीत बसले होते. चप्पलवाल्याला पेढे दिले.

---

कानाकोपरा :

चप्पलवाल्यानं अर्ध्या डॉक्टरांच्या आधी निदान केलं. या गाठी वर वाढल्या तर वर असलेला डोळ्यांच्या नसांचा चौक दाबतात, आणि माणसाला दोन्ही बाजूंचं कडेचं दिसेनासं होतं. गाडी चालवताना दोन्हीकडचे खांब घासायला लागले की लोक चष्म्याचा नंबर काढायला जातात.

नाकातून जाऊन पडलेलं भोक बुजवायला पडद्याचंच अस्तर रक्तवाहिनीच्या देठासकट फिरवून लावतात. २००६ मध्ये ते तंत्र आलं आणि गळतीचं प्रमाण बरंच खाली आलं. पाऊसपाणी, तुमच्या आईच्या बाबतीत निदान तेच निघालं तरी दुरुस्ती बहुधा दुर्बिणीनं नाकातूनच होते, आणि दहांत नऊ जणांत किंवा त्याहून जास्त यशस्वी होते.

---

प्रभातफेरी :

रोज रंकाळ्यावर फिरायला येतो, आमच्या ग्रुपमध्ये जलनेती आणि भ्रामरी चालते. शास्त्राच्या लोकांनी आम्हाला कायम हसलंय. चंद्रनाडी-सूर्यनाडी, एका वेळी एकच स्वर, म्हणजे एकच नाकपुडी, चालतो हे आपल्याकडं किती जुनं आहे.

---

कानाकोपरा :

हसत नाही. एका बाजूची गादी फुगते तेव्हा दुसरी ओसरते, काही तासांनी अदलाबदल. जर्मनीत कायझर यांनी १८९५ मध्ये त्याची नोंद केली, आपल्याकडं निरीक्षण त्याहून जुनं हे मान्य. रात्री कुशीवर झोपल्यावर खालची बाजू बंद वाटते त्याला मात्र आजार समजू नका.

भ्रामरीचंही ऐका. सायनसच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड वायू तयार होतो. नाकानं गुणगुणलं की तो नेहमीच्या श्वासापेक्षा जवळजवळ पंधरापट बाहेर पडतो, असं स्वीडनमध्ये २००२ साली मोजलंय. सायनसमधली हवा हलते एवढा त्याचा अर्थ. सायनस त्यानं बरा होतो असा नाही.

नेतीबद्दल मात्र कडक बोलतो. पाणी उकळून गार केलेलंच. नळाचं, विहिरीचं, फिल्टरचं नको. गोड्या कोमट पाण्यात एक अमिबा असतो, तो पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकात वर गेला तर त्याच चाळणीतून, वासाच्या नसांच्या धाग्यांनी मेंदूत चढतो. केरळात २०२४ मध्ये मुलं दगावली त्यानं. फार विरळा आहे, पण पाणी उकळायला दहा मिनिटं लागतात.

---

शुभ्र_टोपी :

मी नर्स आहे. २०२१चा मे-जून कोण विसरेल. कोविडमधून उठलेली, साखर चारशेवर गेलेली माणसं यायची. आधी गाल बधिर, नाकातून काळपट पाणी, मग टाळूवर काळा डाग. काळा कारण ती बुरशी, म्युकरमायकोसिसची, रक्तवाहिन्यांत शिरते आणि पुढचा भाग उपाशी मरतो. नाकातून गालात, तिथून तो वर लिहिलेला कागदी पत्रा, मग डोळा. डोळ्याच्या मागून मेंदू. आम्ही रोज पापणी उचलून बघायचो, बाहुली हलते का. ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधासाठी नातेवाईक इथून सोलापूर, बेळगाव, हैदराबाद फोन लावायचे. एका आजोबांनी डोळा काढायला परवानगी देताना विचारलं, "दुसरा तरी राहतोय न्हवं?" राहिला.

हा नकाशा तेव्हा कुणी आम्हाला असा सांगितला असता तर ड्युटीवर निम्मी भीती कमी असती.

---

तांबडा_पांढरा :

वाचून गप्प झालो.

---

पुण्याहून_सप्रेम :

विषय थोडा बदलतो. नाकाच्या बाबतीत महाराष्ट्राचं नाव जगाच्या पुस्तकात आहे. १७९२च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी माणूस टिपूच्या हाती सापडला, त्याचं नाक आणि एक हात कापला. पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक लावलं. आधी मेणाचं नाक करून माप घेतलं, ते कपाळावर सपाट पसरून आखलं, कातडीचा देठ दोन डोळ्यांच्या मधे ठेवला. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकिगत छापून आली. ती वाचून कार्प्यू या इंग्रज सर्जननी १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली. मुळात सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीनं नाक करायची कृती आहेच. शल्यविशारदाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, बैलवाल्याचं ठेवलं.

---

लाल_माती :

पुण्याचा माणूस आला आणि पुण्यालाच श्रेय गेलं. चालायचंच. पण कपाळाची कातडी अजून वापरतात का डॉक्टर? आपलं बसलेलं नाक...

---

कानाकोपरा :

तुम्हाला कातडीची गरज नाही, आधार गेलाय. कानाची किंवा बरगडीची कूर्चा घेऊन उभा करतात. आणि कान घेतलाच तर फुटलेला नसेल तो निवडा.

---

पाऊसपाणी :

तीन आठवड्यांनी लिहितेय. नवीन डॉक्टरांना दाखवलं. बाटली भरायला दोन दिवस लागले, आई अंगणात खुर्चीवर वाकून बसायची आणि शेजारच्या काकू विचारायच्या, कसलं व्रत चाललंय. तपासणी पॉझिटिव्ह आली. सोमवारी सीटी आहे, नंतर एमआरआय. डॉक्टर म्हणाले बहुतेक चाळणीच्या बाजूच्या त्या भिंतीलाच भोक असेल. तो केरोसचा खड्डा मी त्यांना विचारला तर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.

एक अडचण. आईच्या नाकात चमकी आहे, लग्नाच्या आधीची. तीस वर्षांत काढलेली नाही, आता फिरतही नाही. राहू दिली तर चालेल का?

---

काचेआडून :

नको. धातूभोवती फिल्मवर पांढऱ्या रेघांची चांदणी पडते, आणि एमआरआयला तर कुठलाच दागिना आत नेऊ देत नाहीत. घरी ओढाओढ करू नका, तिला जोर लागायला नको. शनिवारी सकाळी गुजरीत घेऊन जा, सोनार तार कापून दोन मिनिटांत काढून देईल. आईला आडवी झोपवू नका म्हणावं, बसूनच. आणि सोमवारी गिळू नका म्हणतात तेव्हा घशात काही उतरलंच तर हात वर करायला सांगा, आम्ही काप परत घेतो.